कोटाची उसवण

पत्र येऊन आठ दिवस झाले होते आणि मास्तरांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. पाकिटावर बायकोचं नाव होतं. तिला जाऊन तीन महिने झाले हे सैन्याच्या दप्तरखान्याला कुठून कळणार? मास्तरांनी पाकीट ब्लेडने कडेकडेने कापलं, कपड्याची शिवण सोडवावी तसं, आणि कटिंगच्या टेबलाशी उभं राहूनच वाचलं. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सदरा रोज बदलत होता, पत्र या खिशातून त्या खिशात जात होतं.

आज रविवार. शिलाईचं दुकान बंद होतं, पण पुढची खोली हेच दुकान आणि हीच बैठक, त्यामुळे घरातलं जे काही महत्त्वाचं बोलणं व्हायचं ते कटिंगच्या टेबलाभोवतीच व्हायचं. आजचं बोलणं एका फॉर्मचं होतं. चौकातल्या बागेत नगरपालिका दगड बसवणार होती. गावातले जे जे कुणी शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत गेले त्या सगळ्यांची नावं, पुढे पद. घरातल्या सगळ्यांत वडील माणसाने सही करून फॉर्म द्यायचा. शेवटची तारीख उद्याची.

वडील माणूस म्हणजे अक्का. मास्तरांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती सकाळीच वरच्या खोलीतून उतरली होती, केस घट्ट बांधून, चष्मा पुसून. सहीचा सराव म्हणून जुन्या मापवहीच्या पाठकोऱ्या पानावर तिने पाच वेळा नावही लिहून बघितलं होतं.

"पाचातली तिसरी चांगली आलीय," ती म्हणाली. "तशीच करते."

"अगं, बँकेची सही नाही ती," धाकटा भाऊ म्हणाला. "कशीही कर."

धाकट्याचं बाजारात तयार कपड्यांचं दुकान होतं. शिंप्याच्या घरात जन्मून तयार कपडे विकतो म्हणून घरात त्याला सगळे रेडीमेड म्हणायचे. आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच नाव पडलं. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, डाग पडू नये म्हणून. त्याने तो टेबलावर पसरला. सगळे रकाने भरलेले होते. आजोबांच्या नावापुढे, पदाच्या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलं होतं: कॅप्टन.

"तुझी सही झाली की वरून पेन फिरवतो," तो म्हणाला. "दगड बरोबर माझ्या दुकानासमोर येतोय अक्का. शटर उघडलं की आजोबा समोर."

"आणि गिऱ्हाईक आत," मास्तरांची लेक म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून थेट इकडेच आली होती आणि स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवत होती.

"आलं तर काय वाईट आहे? कप्तानाच्या नातवाचं दुकान. खोटं का आहे?"

मास्तरांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर चार फोटो होते, चारही एकाच कोटातले. आजोबा गेले त्या वर्षी वडिलांनी त्यांचा कप्तानाचा कोट स्वतःच्या मापाचा करून फोटो काढला, तो पहिला. मग मुलगा अठरा वर्षांचा झाला की कोट उतरवायचा, त्याच्या मापाचा करायचा आणि फोटो काढायचा, असं घरात ठरूनच गेलं. दुसरा फोटो मास्तरांचा, तिसरा रेडीमेडचा. चौथा लेकीच्या मुलाचा. तो दोन वर्षांपूर्वीचा. त्या वेळी कोट बायकोने बेतला होता, कारण मास्तरांचा मोतीबिंदू काढायचा राहिला होता.

अक्काचा फोटो नव्हता. मुलींचा काढत नसत. पण त्या कोटावर सगळ्यांत जास्त हक्क कुणी सांगितला असेल तर तो अक्काने. तेविसाव्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून परत आली. ती तेव्हा या टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, "मी कप्तानाची नात आहे. मार खायला जन्मले नाही." ते वाक्य गल्लीभर झालं. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं तिने याच खोलीत काजं केली, बटणं लावली, पण मान कधी खाली घातली नाही. बाजारात तिला लोक कप्तानीणबाई म्हणायचे. कुणी चेष्टेनेही म्हणत असेल, पण रस्ता द्यायचे.

मास्तरांच्या खिशातला कागद तिच्या त्या ताठ मानेवरच येत होता. म्हणून आठ दिवस. दाखवला तर अक्काचं काय उरणार, हा प्रश्न. आणि नाही दाखवला तर बायकोने आजारपणात, उशीला टेकून, दोन वर्षं जी पत्रं लिहिली ती सगळी फुकट. एका ठिकाणाहून उत्तर आलं नाही की ती दुसरीकडे लिहायची. आजोबांची भरती कधी, कुठल्या तुकडीत, परत कधी आले. मास्तर तिला म्हणायचे, "अगं, झोप की आता. कप्तान काही पळून जात नाहीत." ती नुसती हसायची.

"कर सही अक्का," रेडीमेड म्हणाला.

अक्काने पेन उचललं.

"बाबा," लेक म्हणाली. "खिशातलं काढा."

मास्तर दचकले. "तुला काय माहीत?"

"गेल्या रविवारी तुमचा सदरा मीच धुवायला टाकला. आत कागद होता, परत ठेवला. वाचला नाही. पण कागदावरचा शिक्का ओळखला. आईचे पत्ते मीच शोधून द्यायचे ना. ती म्हणायची, कागद हातात आल्याशिवाय बोलायचं नाही."

"काय बोलायचं नाही?" अक्काने पेन खाली ठेवलं. "मास्तर?"

मास्तरांनी पत्र काढलं. घड्यांवर विरायला आलं होतं. चष्मा लावला, घसा साफ केला आणि गिऱ्हाइकाचं माप ओरडून सांगावं तसं एकेक ओळ वाचली, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्यांना ते वाचता आलं नसतं.

"भरतीच्या वेळी वय एकोणीस. उंची पाच फूट दोन इंच. छाती बत्तीस. नेमणूक फिरत्या रुग्णालयाकडे. सेवा तीन वर्षं अकरा महिने. वर्तणूक चांगली. हत्यार दिलेलं नाही." ते थांबले. "पद, शिंपी."

रेडीमेड पहिल्यांदा हसला, मग हसू बंद केलं.

"दुसऱ्या कुणाचा असेल कागद," तो म्हणाला. "एका नावाची छप्पन्न माणसं असतात."

"वडिलांचं नाव आहे, गावाचं आहे, अंगठ्याशेजारी भाजल्याची खूण लिहिलीय. इस्त्रीची," मास्तर म्हणाले.

"मग पुढे बढती मिळाली असेल!"

"शिंप्याचा कॅप्टन? एवढं सोपं असतं तर काका, मी आतापर्यंत मोठी डॉक्टर झाले असते," लेक म्हणाली.

"तू थांब गं. दादा, वहिनीवर माझा जीव होता, तुला माहीत आहे. पण हे तिने उगाच उकरलं. काय गरज होती? शंभर वर्षं चांगलं चाललं होतं."

मास्तरांनी पत्र टेबलावर ठेवलं. ते रागावले की आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. "उगाच ती काही करत नसे," ते म्हणाले. "तिने साधं बटणसुद्धा उगाच लावलं नाही."

इतका वेळ अक्का पत्राकडे नाही, भिंतीकडे बघत होती. आता तिने खुर्ची मागे सारली.

"कोट आण," ती म्हणाली.

"अक्का, राहू दे."

"आण म्हटलं ना. कागदावर माझा विश्वास नाही. कागद कुणीही लिहितं. कोट आजोबांच्या हातचा आहे, मी त्यांना तो दर रविवारी झाडताना बघितलाय. त्यांच्या अंगचा असेल तर कळेल. शिंप्याच्या घरात बसलोय आपण."

कोट कपाटातून आला. जाड, गडद, पितळी बटणांचा, खांद्यावर पट्ट्या. अक्काने तो उलटा करून टेबलावर पसरला आणि ब्लेड घेऊन काखेखालचं अस्तर उसवायला लागली. अठ्ठ्याहत्तरच्या हाताला अजून कंप नव्हता.

"किती बारीक टाके घातलेत तुझ्या बायकोने," ती पुटपुटली. "अस्तरालासुद्धा. इतकं कोण बघतंय आतून?"

अस्तर सुटलं. आतली शिवण दिसली आणि शिवणीच्या पलीकडे दाबलेलं कापड. वडील जुन्या हाताखाली शिकलेले होते, चांगल्या कपड्याला त्यांनी कात्री लावली नव्हती. मोठा कपडा लहान करताना जास्तीचं कापड आतच दुमडून ठेवलं होतं, आणि नंतरच्यांनीही तसंच केलं होतं. त्या कापडावर जुन्या शिवणींच्या भोकांच्या रेषा होत्या, एकाबाहेर एक. दोरा गेला तरी सुईचं भोक जाड लोकरीत वर्षानुवर्षं राहतं.

मास्तरांनी भिंग घेतलं. "ही हिची. नातवाच्या वेळची. ही रेडीमेडची."

"ही बरीच लांब आहे," लेक म्हणाली.

"अठराव्या वर्षीच पोट होतं त्याला."

"खातापिता होतो," रेडीमेड म्हणाला. तोही आता टेबलावर ओणवा झाला होता.

"ही माझी. ही बाबांची. आणि ही..." मास्तरांनी बोट सरकवत नेलं, पार कडेपर्यंत. "ही पहिली. हात बघ अक्का. इंचाला किती टाके आणि कसे. हे आजोबांचेच."

अक्काने टेप लावला. पाठ, पुढचे दोन्ही भाग, बटणपट्टी धरून. दोनदा मोजलं.

"बेचाळीस," ती म्हणाली.

"छाती बत्तीस आणि कोट बेचाळीस," मास्तर हळूच म्हणाले. "आजोबा या कोटात दोनदा मावले असते."

"म्हातारपणी माणूस आटतो," रेडीमेड म्हणाला, पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही.

अक्काचे हात अस्तराच्या आत फिरत होते. कॉलरच्या खाली ते थांबले. तिथे कापडाची दोन बोटं रुंद पट्टी शिवलेली होती. शिंपी गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतात तशी माहितीची पट्टी, कपडा देताना काढून टाकायची. शाई पिवळी पडली होती, पण अक्षर मापवह्यांमधलं, सगळ्यांच्या ओळखीचं होतं. अक्काने ती उजेडात धरून वाचली.

"कॅप्टनसाहेब. छाती बेचाळीस. डावा खांदा अर्धा इंच उतरता." मग खाली एक ओळ. "ट्रायल बाकी."

पट्टीच्या कडेने नवे टाके होते, दोन वर्षांपूर्वीचे. मास्तरांनी ते बघितले आणि त्यांना सगळं समजलं. नातवाच्या फोटोसाठी कोट उसवताना हिला ही पट्टी मिळाली होती. तिने ती वाचली, होती तिथे परत शिवली, वर अस्तर बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र लिहिलं. आपल्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण अक्काचं तोंड बघून ते दाबून टाकलं असतं. तिला ते ठाऊक होतं. आठ दिवस आपण काय करत होतो? तेच.

"म्हणजे हा," रेडीमेड टेबलापासून मागे सरकत म्हणाला, "हा गिऱ्हाइकाचा कपडा आहे?"

"ट्रायलला येणार होतं गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले. "आलं नाही. आजोबा कोट घेऊन घरी आले आणि टांगून वाट बघत बसले."

"आणि आपण घालून फोटो काढले!"

सगळ्यांच्या माना एकदम भिंतीकडे वळल्या. या घरात एकच नियम आजोबांपासून चालत आलेला होता: गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. तेराव्या वर्षी मास्तरांनी एका वकिलाची पँट घालून आरशात बघितली तर वडिलांनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. तेच वडील पहिल्या फोटोत छाती काढून उभे होते, गिऱ्हाइकाच्या कोटात.

आधी लेक हसली. मग रेडीमेड. मास्तरांना तीन महिन्यांत हसू आलं नव्हतं, ते असं अचानक आलं की त्यांना टेबल धरावं लागलं.

"चार पिढ्यांची चोरी," रेडीमेड डोळे पुसत म्हणाला, "आणि वर फ्रेम करून!"

अक्का हसली नाही. ती खुर्चीत बसली होती, पट्टी हातात. हळूहळू बाकीचे गप्प झाले.

"तेव्हा मला नवऱ्याने विचारलं होतं," ती म्हणाली. "दारात अडवून. जाशील कुठे? आहेस कोण तू? मी म्हटलं, कप्तानाची नात. तेवढं एकच होतं माझ्याजवळ सांगायला." ती थांबली. "शिंप्याची नात म्हटलं असतं तर त्याने दार सोडलं नसतं."

मास्तरांना वाटलं, झालं. याच्यासाठीच आठ दिवस. त्यांनी पत्राची घडी घालायला घेतली. "अक्का, राहू दे. कॅप्टनच लिहू. एवढी शंभर नावं, कोण तपासतंय?"

"बाबा!" लेक म्हणाली.

"राहू दे गं. माणसापेक्षा दगड मोठा नाही."

"पूर्ण वाचलंस का?" अक्काने विचारलं. "मघाशी पदावर थांबलास. खाली अजून दोन ओळी आहेत, मला इथून दिसतायत."

मास्तरांनी घडी उघडली. "कामाचं स्वरूप," त्यांनी वाचलं. या वेळी आवाज गिऱ्हाइकांसमोरचा राहिला नाही. "जखमींचे कपडे. एका बाहीचे सदरे. एका पायाच्या विजारी. प्रत्येकाच्या मापाने."

"एकेकाचं माप घेऊन?" लेक म्हणाली. तिचा चहा कधीच गार झाला होता. "आमच्याकडे अजून तसं करत नाहीत. मोकळी बाही पिनेने वर टाचतो. पेशंट दिवसभर त्या पिनेकडे बघत बसतात."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा माप घ्यायचे तेव्हा आधी काय म्हणायचे, आठवतं का कुणाला? तुम्ही दोघं नव्हताच त्यांच्या वेळी. मी इथे खाली बसून खडूचे तुकडे गोळा करायचे. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य, 'हात वर करा. दोन्ही आहेत ना? छान.' मग पाय. 'दोन्ही? वा.' लोक हसायचे. मीही हसायचे. मला वाटायचं, आजोबा विनोदी आहेत." तिने चष्मा काढला. "दर वेळी म्हणायचे. एकही गिऱ्हाईक सोडलं नाही."

तिने चष्मा पुसून परत लावला.

"रेडीमेड," अक्का म्हणाली. "खोडरबर आहे का?"

"अक्का, विचार कर. दगडावर सगळे कॅप्टन, हवालदार, शिपाई. आणि मध्येच आपला शिंपी. लोक हसतील."

"हसू देत. तुझ्या समोरच दगड आहे ना? कुणी हसला की आत बोलव आणि सांग, एका हाताच्या माणसाला सदरा कसा बेततात ते. येतो का तुला? मला नाही येत. याला नाही येत. या घरात कुणाला येत नाही. त्यांना येत होता." तिने फॉर्म ओढून घेतला. "आणि कप्तान म्हटल्यामुळे नवरा दारातून बाजूला झाला असेल. पण इथवर चालत मी आले. पिशवी माझ्या हातात होती. कोट नव्हता आला न्यायला."

रेडीमेडने खिशात हात घातला आणि पेन्सिल काढली. तिच्या मागे रबर होतं. त्याने स्वतःच खोडलं, कागद फाटू नये म्हणून जपून. अक्काने पेनाने लिहिलं, शिंपी. मग खाली सही केली. ती सरावातल्या पाचांपैकी एकीसारखीही आली नाही, पण चांगली आली.

"माहिती कुणी मिळवली, असा रकाना आहे," लेक म्हणाली. "काकांनी स्वतःचं नाव घातलंय."

"रकाना रिकामा नको म्हणून घातलं," रेडीमेड म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत त्याने ते खोडलं आणि वहिनीचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मास्तरांनी ते अक्षर वाचलं. तीन महिन्यांत तिचं नाव त्यांनी फक्त दाखल्यावर बघितलं होतं. इथे ते बरं दिसत होतं.

"आता हा," अक्का कोटावर हात ठेवून म्हणाली. "याचं काय करायचं?"

"कपाटात ठेवू," मास्तर म्हणाले.

"असा? पोराच्या मापाला दाबलेला? ट्रायल बाकी आहे, मास्तर. गिऱ्हाइकाचा कपडा त्याच्या मापाचा ठेवायचा. येवो न येवो."

मग दुपारभर तेच काम चाललं. खिडकीशी उजेड होता तिथे टेबल ओढलं. लेकीने फोटो उतरवून भिंतीला उलटे टेकवले. रेडीमेडने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या गुंडाळल्या आणि तीस वर्षांनी सुई हातात घेतली. दोरा ओवतानाच बोटात टोचून घेतली. "अंगुस्ताण कोण घालणार, आम्ही मोठे शेठ ना," अक्का म्हणाली आणि स्वतःचं अंगुस्ताण त्याच्याकडे सरकवलं.

पण कोट बेचाळीसवर न्यायचा तर आधी आत्ताची शिवण उसवावी लागणार होती. बाकीच्या शिवणींची नुसती भोकं उरली होती. दोरा होता तो हिच्याच शिवणीत.

"मी करू का बाबा?" लेकीने विचारलं.

"नको."

मास्तरांनी ब्लेड घेतलं. ती तीन टाके साधे घालायची आणि चौथा मागे घ्यायची. चौथा कापला की मधले तीन आपोआप सुटतात, हे बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. मास्तरांनी पहिला कापला. थोडा दोरा सुटला. मग दुसरा. हात पुढे सरकत नव्हता. प्रत्येक टाक्याशी ते थांबत होते, बघत होते, मग कापत होते.

अक्का, रेडीमेड आणि लेक टेबलाभोवती बसून होते. ही शिवण सुटून आत दाबलेलं कापड मोकळं होईपर्यंत त्यांना करायला काही नव्हतं. रेडीमेडने घड्याळाकडे बघितलं. अक्काने त्याच्याकडे बघितलं, तसं त्याने मनगट खाली घेतलं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कुठवर आलास रे?"

"अजून हिचेच चाललेत."

"चालू देत," अक्का म्हणाली. "इतकी वर्षं थांबलंय गिऱ्हाईक. आजचा दिवस थांबेल."